आधी पाणी

बाई समाजकार्याच्या कॉलेजात समुपदेशन शिकवतात. जात माणसाच्या मनाचं काय करते, हाच त्यांचा आयुष्यभराचा अभ्यास. मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करतोय, त्यामुळं घरभेटींना सोबत असतो. कुणाच्याही दारात पाऊल टाकलं की त्या मोठ्यानं म्हणणार, "आधी पाणी द्या की!" पर्समध्ये भरलेली बाटली असते तरी. मला वाटायचं, बाईंना साखरेचा आजार असावा.

परवा शिरोळकडं गेलतो. तिथली एक पोरगी कॉलेज अर्धवट सोडून घरी आलेली, महिनाभर कुणाशी एक शब्द नाही. बाईंनी पाणी मागितलं, तशी तिची आई पळत जाऊन दुकानातनं सीलबंद बाटली घेऊन आली.

"आमच्यातलं चालतंय का न्हाय तुम्हाला, म्हणून..."

"का? घरात पाणी न्हाय व्हय?"

कोपऱ्यातली पोरगी उठली. माठातनं तांब्या भरून तिनं बाईंपुढं धरला. बाईंनी तो सरळ तोंडाला लावला आणि सगळा रिकामा केला.

पोरगी त्या तांब्याकडं बघत राहिली.

"मॅडम," ती म्हणाली, "हॉस्टेलवर पोरी माझा तांब्या वेगळा ठेवायच्या."