बाईंनी उतरवलेला वेग

दोन हजार बावीस साल, माझं वय एकाहत्तर, तेव्हा बाईंची ओळख झाली. घणसोली गावात भाड्याच्या गाळ्यात त्या कॉम्प्युटर दुरुस्त करायच्या. कॉम्प्युटर समोर आला की आधी त्याच्यावर तळहात ठेवायच्या, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि गप्प बसायच्या. मी मनात म्हटलं, ही दुरुस्ती की अंगारा?

माझं शिक्षण चौथी. पण तुर्भ्याच्या कारखान्यात तीस वर्षं लेथ चालवला. बिघाड आवाजावरून सांगायचो. दुसऱ्याचं ऐकायची सवय नाही.

कॉम्प्युटर माझ्या मुलाचा, संजयचा, त्यानेच एकेक भाग आणून जोडलेला. तो वारल्यावर मी त्यात रोज त्याचे फोटो बघायचो. बघता बघता पडदा निळा व्हायचा आणि सगळं बंद.

बाईंची रीत ठरलेली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, वहीत लिहायची, तासभर मशीन पळवून बघायचं. "दोन गोष्टी एकदम बदलल्या की खरा चोर सुटतो, बाबा." पंखा बदलून झाला, मेमरी बदलून झाली. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "प्रोसेसर मापापेक्षा जास्त पळवलाय. त्याला झेपंना."

"माझ्या पोराने पळवलाय."

"हुशारच होतं की पोरगं. पण मशीन थकलंय आता."

प्रोसेसरच्या वेगाचा आकडा संजयने बावन्न ठेवला होता, तो त्यांनी बेचाळीसवर आणला. दिवसभर काही झालं नाही.

मला ते सोसलं नाही. संजयच्या हातचं तेवढंच उरलं होतं. बाई कळा दाबत होत्या तेव्हा मी मागे उभा राहून बघून ठेवलं होतं. घरी आकडा पुन्हा बावन्न केला. कॉम्प्युटर बंद पडायला लागला की आकडा बेचाळीस करायचा आणि तो बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवायचा. दोष माझ्या पोराच्या कामात निघू नये, एवढंच डोक्यात. "काम कच्चं तुमचं," म्हणायचो. त्यांच्याकडे तो नीट चालायचा. त्या वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचायच्या. मी चहाच्या टपरीवर सांगत सुटलो, बाईला काही येत नाही. गावात बोलणं पसरायला किती वेळ. गिऱ्हाईक तुटलं.

दोन महिन्यांनी एका दुपारी त्या न सांगता घरी आल्या. गुडघे धरत तीन मजले चढून. "तुमच्या घरच्या लायटीतच दोष असंल, बघते." कॉम्प्युटर चालू केला, कळा दाबून आकड्याचं पान उघडलं. पडद्यावर बावन्न.

त्या माझ्याकडे वळल्या. "बाबा, मला सांगायचं ना. फोटो दुसरीकडे काढून दिले असते. आकडा तसाच ठेवला असता त्याचा."

मी उठून चहाचं भांडं घेतलं.

"मी माझ्यावरच शंका घेत बसले. गाळा सोडलाय मी. उद्या उदगीरला जाते, भावाकडं."

"चहा घेणार?" मी विचारलं.

"नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर गेलो. रोजची माणसं बसली होती. म्हटलं, बाईंचं काम चोख होतं, आकडा मी चढवत होतो. कोणीतरी म्हणालं, "आता सांगून काय, आजोबा? त्या पहाटेच गेल्या."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.