कापडी छपराची गाडी

गाडी पास झाली होती. माझ्या फॉर्मवर एकशे दहा मुद्दे असतात. एकशे नऊ मुद्द्यांपुढे बरोबरची खूण, आणि एका ठिकाणी 'लागू नाही'. मी पेनाचं टोपण लावलं आणि फॉर्म डॉक्टरबाईंपुढे धरला. असा स्वच्छ कागद पाहून लोक खूश होतात. एकाने तर मला उभ्या उभ्या समोसे खिलवले होते. या बाईंचा चेहरा मात्र पडला.

"काहीच नाही निघालं?" त्यांनी विचारलं.

"मॅडम, काही निघावं अशी इच्छा होती का तुमची?"

"खरं सांगू बोंडेसाहेब? हो."

घ्या. रविवारच्या सकाळी दोन तास उन्हात गाडीखाली लोळायचं, आणि वर हे ऐकायचं.

मी तीस वर्षं मोटर सर्व्हेअर होतो. म्हणजे ठोकलेली गाडी बघायची आणि नुकसान किती, खरं किती, खोटं किती, ते इन्शुरन्स कंपनीला लिहून द्यायचं. रिटायर झाल्यावर मला घरी बसवेना आणि माझं घरी बसणं बायकोला सोसवेना. म्हणून आता लोकांना सेकंडहँड गाड्या तपासून देतो. फी गाडी घेणाऱ्याकडून घेतो, विकणाऱ्याचा चहासुद्धा पीत नाही. आणि माझा एक नियम आहे. गाडी कशी आहे ते सांगीन, घ्यायची की नाही ते विचारायचं नाही. ते ज्याच्या त्याच्या घरचं मॅटर.

अमरावती रोडवर महागड्या जुन्या गाड्यांचं एक यार्ड आहे, तिथे आम्ही उभे होतो. गाडी परदेशी, दोनच सीटची, जमिनीला चिकटलेली. छपर कापडाचं. बटन दाबलं की ते घडी होऊन मागे जाऊन बसतं. रंग गर्द निळा. जुनी असूनही किंमत अशी की तेवढ्यात आमच्या एरियात बऱ्यापैकी फ्लॅट येतो. मी गाड्यांच्या बाबतीत फार हळवा माणूस नाही, पण खोटं कशाला बोलू, इंजिन सुरू केल्यावर मीही दोन मिनिटं उगाच बसून राहिलो.

घेणाऱ्या होत्या डॉक्टर सुनंदाबाई. भूलतज्ज्ञ. पन्नाशीला आलेल्या, लग्न केलेलं नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरला स्वतःचा दवाखाना लागत नाही. ज्याच्याकडे ऑपरेशन, त्याच्याकडे धावायचं. बाईंचा अर्धा दिवस एका खिळखिळ्या छोट्या गाडीत जातो, तिचा एसी दोन उन्हाळ्यांपासून बंद. मला म्हणाल्या, "आठ वर्षांपासून मनात आहे. दर दिवाळीला ठरवते, दर दिवाळीला रद्द करते. तुम्ही नापास केली असती तर माझी कटकट गेली असती."

"पैशाची अडचण आहे?"

"नाही हो." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "ते बाबा बसलेत नं तिथं. त्यांच्यासमोर किंमत काढू नका, प्लीज. गाडीचं काम आहे एवढंच सांगून आणलं. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, घरी एकटं कसं ठेवू?"

यार्डच्या ऑफिसबाहेर निंबाच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. धोतर, पांढरा सदरा, डोळ्यांवर मोतीबिंदूवाल्यांना देतात तो काळा चष्मा. श्रावणजी. उमरेडचे. सारी उमर हातमागावर काढली. त्याच मागावर मुलीला डॉक्टर केलं. पंच्याऐंशीला टेकले तरी आजही एसटीने फिरतात, मुलगी गाडी पाठवते म्हणाली तर म्हणतात, एसटी काही वाईट नाही.

"त्यांनी आयुष्यात स्वतःसाठी सायकलपलीकडं काही घेतलं नाही," बाई म्हणाल्या. "आणि मी हे घेऊ? दोन सीटचं? ते काही बोलणार नाहीत, मला माहीत आहे. पण गप्प बसतील नं, ते मला सहन होणार नाही."

माझ्या नियमात हे बसत नव्हतं. तेवढ्यात यार्डचा सेल्सवाला पंकज आला. "मॅडम, टोकन आत्ता करून टाका. सायंकाळी रायपूरची पार्टी येऊन राहिली." ही रायपूरची पार्टी मी गेली दहा वर्षं ऐकतो आहे, अजून कधी बघितली नाही.

बाईंनी पर्स उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. शेवटी फोन हातात घेतला आणि पैसे पाठवायचा स्क्रीन काढून तशाच उभ्या राहिल्या.

इकडे श्रावणजी बसून बसून कंटाळले असावेत. ते उठून गाडीपाशी आले. दिसत कमी होतं म्हणून हाताने चाचपत चालले होते. आधी बॉनेट, मग काच, मग छपर. छपरावर हात गेला तसे थांबले. पुढून मागे हात फिरवला, मागून पुढे आणला. पुन्हा तेच. मला जरा रागच आला. पॉलिश केलेली गाडी, त्यावर बोटं उठत होती.

"काकाजी, हात खराब होईल तुमचा," मी म्हणालो.

"हे कापड कोणं लावलं गा?" त्यांनी विचारलं.

पंकज पुढे झाला. "कंपनीचं आहे काकाजी. बाहेर देशातून असंच फिट होऊन येते."

"समोरचं आलं असन. मागचं नाही."

पंकज माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो, याची आज लाज वाटते. "काकाजी, एकाच रंगाचं आहे सगळं," मी म्हणालो.

"रंगाचं मले काय दिसते इथं? चष्मा काळा, गाडी काळी."

"निळी आहे बाबा," बाई म्हणाल्या.

"निळी असन. हे दोन्ही एका थानातलं नाही." थान म्हणजे कापडाचा तागा. त्यांनी माझा अंगठा धरला. आपल्या मुलाचा धरावा तसा, विचारलंही नाही. "डोये झाका. नख फिरवा. असं. आता मागं. लागलं काही?"

पुढे नख घसरत गेलं. मागच्या भागावर ते बारीक बारीक अडकत होतं. डोळे उघडे असते तर मला ते कधीच लागलं नसतं.

"समोर ताणा लंबा चालला, मंग मागं आडवा कसा होईन?" ते म्हणाले. ताणा म्हणजे कापडातले उभे धागे. "अन् मागचं सूत जाडं हाय. शिवणारा हुशार होता, त्याले नावं नाही ठेवत मी. कापड देणारा चुकला."

मी मोबाइलचा कॅमेरा मोठा करून धरला. म्हातारा शंभर टक्के बरोबर होता.

आता माझी चूक सांगतो. माझ्याकडे एक मीटर असतो, मुठीत मावेल एवढा. पत्र्याला टेकवला की त्यावर रंगाचा थर किती जाड ते सांगतो. गाडी ठोकली, पुट्टी भरून परत रंगवली, की आकडा वाढतो आणि चोरी सापडते. या गाडीचा एकूण एक पत्रा मी मोजला, सगळा कंपनीचा रंग. मीटर कापडावर चालत नाही. म्हणून छपराच्या मुद्द्यापुढे मी 'लागू नाही' लिहिलं आणि पुढे गेलो. सीटचे बोल्ट नवे कोरे दिसले, तर वाटलं मालक हौशी दिसतो. तीस वर्षं लोकांचं खोटं पकडलं, आणि बोल्ट नवे का, एवढं मला विचारता आलं नाही.

"पंकज, डाव्या सीटमागचं कार्पेट काढ."

"सर, इतकं कोणी नाही पाहत."

"मी पाहतो. काढ."

कार्पेट निघालं. खालचा फोम ओलसर, दाबला की कुबट वास. कोपऱ्यात गाळाची वाळलेली रेघ. या गाड्यांमध्ये सीटखाली इलेक्ट्रॉनिक डबे बसवलेले असतात. एअरबॅगचा एक, छपराचा एक. दोन्हींच्या पिनांवर हिरवा गंज चढला होता. स्कॅनर लावला की दिसतात ते गाडीतले सगळे एरर कोणीतरी पुसून ठेवले होते, म्हणून तपासताना मला काही दिसलं नव्हतं. दोन-चार महिन्यांत छपर अर्ध्यावर अडकलं असतं. एअरबॅगचं तर बोलायलाच नको, ती वेळेवर उघडलीच नसती.

पंकजने खाली बघून सांगून टाकलं. पावसाळ्यात पहिल्या मालकाकडे झाडाची फांदी छपरावर पडली होती. कापड फाटलं, पत्र्याला ओरखडा नाही. गाडी तशीच पंधरा दिवस पावसात उभी. मग सीट काढून आतून वाळवली, म्हणून बोल्ट नवे. नवं छपर बाहेरून मागवायला खर्चही फार आणि वेळही, म्हणून इथल्याच एका कारागिराने मागचा भाग बदलून दिला.

मी फॉर्म फाडला. बाईंना म्हणालो, "मॅडम, नापास. आणि माझी फी नको. गाडी मी नाही, तुमच्या वडिलांनी तपासली."

बाईंनी फोन पर्समध्ये टाकला आणि मोठा श्वास सोडला. "सुटले बाबा मी," त्या म्हणाल्या. "देवानंच सांगितलं, नको घेऊ म्हणून. चला, घरी जाऊ. ड्रॉप टाकायची वेळ झाली."

श्रावणजी हलले नाहीत.

"देवाले काहून मधात आणतं वं सुनंदा?" ते म्हणाले. "मी सांगितलं, कापड खराब हाय म्हणून. गाडी घेऊ नको, असं मी म्हटलं का?"

"बाबा, तुम्हाला माहीत नाही ती केवढ्याची आहे."

"माहीत हाय. तू फोनवर बोलून राह्यली होती मंगळवारी. डोये बिघडले माहे, कान नाही."

मी फाडलेल्या फॉर्मचे तुकडे गोळा करायचं सोंग केलं, पण जागचा हललो नाही. पंकजही हलला नाही.

"मंगळवारपासून माहीत होतं तर बोलले काहून नाही?" एरवी शुद्ध बोलणाऱ्या बाई एकदम उमरेडच्या झाल्या.

"तू इचारशीन म्हणून थांबलो. आजही म्हटलं, आता इचारन, मंग इचारन. तू त्या भाऊच्या कानात बोलून राह्यली, अन् मी तिकडं खुर्चीत."

"मला वाटलं तुम्हाला आवडणार नाही. तुम्ही एवढे हाल काढून..."

"माहे हाल माह्यापाशी. तू काहून त्याचा हिशेब ठेवतं?" म्हाताऱ्याचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "आइक. माह्या हातचं जे चांगलं निघे ते बाजारात जाये. काठ सुधरला का ते पातळ इकाले गेलं. घरी राहे ते डागी, नाही तं धागा सुटलेलं. तुह्या मायनं जन्मभर तेच नेसलं. मी दरसाल म्हणो, औंदा एक चांगलं तुह्यासाठी ठेवतो. थे म्हणे, राहू द्या, पुढच्या साली. मी राहू दिलं. चुकलं माहं. रोज बोचते मले." त्यांनी चष्म्याखालून बोट घातलं.

"डोळ्याला हात लावू नका बाबा," बाई म्हणाल्या. त्यांनी रुमाल काढून वडिलांचे गाल पुसले, मग त्याच रुमालाने स्वतःचे. माझंही नाक उन्हाने वाहायला लागलं होतं.

"तुले पाह्यजे का गाडी?" त्यांनी विचारलं. "पाह्यजे का नाही, येवढंच सांग."

"पाह्यजे," बाई म्हणाल्या. नऊ वर्षांची मुलगी सांगेल तशा.

"मंग हे सोड. दुसरी पाह्य. चांगली पाह्य. अन् छपराले हात लावल्याबिगर पैसे देऊ नको."

दुसरी गाडी मिळायला पाच महिने लागले. या काळात बाईंनी मला चार गाड्या दाखवल्या, मी तीन नापास केल्या. चौथी हैदराबादहून आली. लाल. पत्रे मी मोजले, स्कॅनर लावला, कार्पेट स्वतः उपटून बघितलं. छपरासाठी उमरेडहून श्रावणजींना बोलावलं. आता काळा चष्मा नव्हता, दिसत चांगलं होतं, तरी त्यांनी डोळे मिटूनच हात फिरवला. मी आणि बाई शेजारी उभे. मी पेनाचं टोपण काढून फॉर्मवर छपराच्या मुद्द्यापुढे धरून होतो.

"एका थानाचं हाय," ते म्हणाले. "घे."

त्या रविवारी बाई त्यांना त्याच गाडीतून उमरेडला सोडून आल्या. सोमवारी मी श्रावणजींना फोन केला, कशी काय वाटली गाडी म्हणून.

"बेकार गाडी हाय बापा," ते म्हणाले. "बसाले गेलं का खाली पडल्यावानी वाटते, अन् उठाले दोन माणसं लागते. गावाच्या ब्रेकरवर खरडली. धोतर उडून उडून परेशान. एसटी बरी." मग म्हणाले, "पण पोरगी सारा रस्ता हासत होती. इतकं हासतानी मी तिले मॅट्रिकच्या नंतर पाह्यलंच नव्हतं."

लोक आजही मला विचारतात, एवढा पैसा गाडीत घालावा का? नियम नियम आहे, मी उत्तर देत नाही. पण ज्याच्या 'नाही'ची भीती वाटते त्याला बघायला सोबत आणा, एवढं आता सांगतो. आणलं तर त्याला खुर्चीत बसवून ठेवू नका, गाडीला हात लावू द्या.