जाधवबाई मागून शिकवायच्या

जाधवबाई वर्गात पुढे फारशा उभ्या राहत नसत. फळ्यावर धड्याचं नाव लिहायचं, खडूचा हात झटकायचा आणि सरळ मागे जाऊन शेवटच्या बाकावर दोन मुलांच्या मध्ये अंग चोरून बसायचं. धडा तिथूनच सुरू व्हायचा. पन्नाशी उलटलेल्या, चष्म्याच्या बाई अशा पोरांत बसलेल्या पाहून वरांड्यातून जाणारे पालक हसायचे. बाईंना त्याचं काही नसे.

“पुढनं नुसते चेहरे दिसतात गं,” त्या मला म्हणायच्या, “आणि चेहरा करायला पोरं लवकर शिकतात. मागनं पाठ दिसती. कोण वाकलंय, कोण आखडलंय, कुणाचं बोट भलत्याच ओळीवर हाय. पाठीला सोंग घेता येत न्हाई.”

वर्गात त्या प्रमाण मराठी बोलत, पण मनातलं काही सांगायचं झालं की आपोआप कराडकडच्या माहेरच्या बोलीत शिरत.

बाई पहिल्यापासून अशा नव्हत्या. मी मलकापूरच्या आमच्या शाळेत लागले, तेव्हा सगळ्यांत कडक बाई त्याच. शुद्धलेखनात चुकलेल्या मुलाला त्या सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला लावत. “आळस हाडात शिरला की काढता येत नाही,” हे तेव्हाचं त्यांचं ठरलेलं वाक्य. पालकांना ते पटायचं. आमचा मुलगा जाधवबाईंच्याच वर्गात घाला, म्हणून लोक मागे लागायचे.

मग एका उन्हाळ्यात आम्हा दोघींना सांगलीला, विश्रामबागेत प्रशिक्षणाला पाठवलं. मुलं अभ्यासात मागे का पडतात, हा विषय. शिकवणारी मुलगी तरुण होती. तिनं पडद्यावर एका मुलाचं लिखाण दाखवलं. काने, वेलांट्या गळालेल्या, ‘कमळ’चं ‘कळम’ झालेलं, भ आणि म एकमेकांच्या जागी. ती म्हणाली, हा मुलगा हुशार आहे. तोंडी विचारलं तर सगळं सांगतो. वाचायची वेळ आली की मात्र याच्या पोटात दुखतं, याला पाणी प्यायला जायचं असतं, याचं पुस्तक घरी राहतं. आपण त्याला आळशी म्हणतो.

बाई मध्येच उठल्या आणि बाहेर गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत म्हणून मी पाहायला गेले. गाड्या लावतात तिथं कडुनिंबाखाली त्या तोंडात पदर धरून उभ्या होत्या.

“माझा सुहास गं,” त्या म्हणाल्या. “ती पोरगी माझ्या सुहासचंच सांगत हुती.”

सुहास हा त्यांचा एकुलता एक मुलगा. तो फलटणला गॅरेजमध्ये काम करतो आणि मलकापूरला येत नाही, एवढंच मला ठाऊक होतं. बाकीचं त्या दिवशी परतीच्या एसटीत कळलं. नवरा लवकर गेलेला, मुलगा स्वतःच्याच शाळेत. बाईंचाच मुलगा नापास होतो म्हणून शिक्षकखोलीत कुजबुज. रोज संध्याकाळी त्या त्याला घेऊन बसत आणि रोज त्याचा शेवट मारानं होई.

“चौथीत हुता,” खिडकीबाहेर बघत त्या सांगत होत्या. “मीच वर्गात उभं केलं. वाच म्हणलं. त्याला एक ओळ वाचता येईना. मी म्हणलं, वाचल्याशिवाय खाली बसायचं न्हाई. उभ्याउभ्या त्याची चड्डी भिजली. सगळी पोरं हसली. आणि मला काय वाटलं ठावं हाय? मुद्दाम करतोय. माझी अब्रू घालवायला करतोय.”



पुढच्या रविवारी त्या मला घेऊन फलटणला गेल्या. एकटीनं जायचा धीर होत नव्हता. सुहास एका ट्रॅक्टरखाली झोपून काम करत होता. आईला पाहून बाहेर आला, हात पुसत राहिला. “कुणी आजारी हाय का?” त्यानं विचारलं.

“न्हाई रं. एक सांगायला आलेय.” बाईंनी वाटेत बरंच काही मनाशी जुळवलं असावं, पण तोंडातून एवढंच आलं, “तू ढ नव्हतास, सुहास. आळशी बी नव्हतास. तुला अक्षरं लागत नव्हती. ते मला वळखता आलं न्हाई.”

तो हातातल्या फडक्याकडे बघत राहिला. आवाज न चढवता म्हणाला, “आई, हे तू मला चौथीत सांगायचं हुतंस.”

मग त्यानं आमच्यासाठी चहा मागवला. आम्ही तो प्यायलो. घरी चला असं तो म्हणाला नाही. त्याच्या मोबाइलवर त्याच्या लहानग्या मुलीचा फोटो होता, तेवढा मात्र त्यानं दाखवला. “सई,” तो म्हणाला. बाईंनी त्या काचेवर अलगद बोट टेकवलं.

जून उजाडला आणि बाई मागच्या बाकावर बसू लागल्या.

त्याच वर्षी सातवीत प्रथमेश होता. देखणं अक्षर, फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवायचा. परीक्षेत मात्र कोरे कागद. वडील सैन्यात, सुट्टीवर आले की त्याला मारायचे. एकदा बाईंनी त्याला धडा वाचायला सांगितला आणि त्याच्याजवळ जाऊन हळूच पुस्तकाचं पान उलटलं. प्रथमेश थांबलाच नाही. समोर कविता होती आणि तो खाली मान घालून धडाच म्हणत राहिला, एक शब्दही न चुकता. त्याला सगळं पुस्तक पाठ होतं. वर्गात कुणाच्या लक्षात आलं नाही आणि बाईंनी ते येऊ दिलं नाही. “छान म्हणलंस,” म्हणाल्या आणि पुस्तक मिटलं.

त्या संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. सुट्टीवर आलेले वडील म्हणाले, “बाई, आमच्या घरात सगळी फौजेत. ह्यो एकच ढ निघाला.”

“आवं, त्याला ढ म्हणू नका,” बाई म्हणाल्या. “आख्खं पुस्तक नुसतं ऐकून पाठ करणारं पोरगं ढ असतं व्हय? मी एका पोराला ढ म्हणलं हुतं. ते मला अजून परत मिळालं न्हाई.”

वडिलांनी कोण पोरगं, असं विचारलं नाही. त्यांनी प्रथमेशला हाक मारून जवळ बसवून घेतलं.

शाळा सुटल्यावर बाई त्याला रोज थोडं शिकवत. वाळूत अक्षरं गिरवून घेत, शब्द टाळीवर फोडून घेत. तो हळूहळू, अडखळत वाचू लागला. सगळीच मुलं अशी हाती लागली नाहीत. कोमल नावाची एक मुलगी बाईंच्या ध्यानात येईपर्यंत शाळा सोडून गेली. तिच्या घरी बाईंनी खेटे घातले, पण ती परत आली नाही. पुढे कित्येक दिवस त्या डबा न उघडताच घरी न्यायच्या.

निवृत्तीला थोडे महिने राहिले असताना बाईंचं पोटाचं दुखणं निघालं, आणि निघालं तेच शेवटचं. कराडच्या दवाखान्यात सुहास आला. कॉटच्या पायथ्याशी बसून तो आईचे पाय दाबत राहायचा. एकदा मी तिथं असताना बाई त्याला म्हणाल्या, “सईला अक्षरं लागेनात तर रागवू नगंस. या मॅडमकडं घेऊन ये.” त्यानं मान डोलावली. बाईंनी त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं. त्या आणखी कशाची तरी वाट बघत होत्या, असं मला वाटलं. तो पाय दाबत राहिला.

बाई गेल्या तेव्हा सुहासनं सगळे विधी केले, कोरड्या डोळ्यांनी. तेरावा झाल्यावर घराला कुलूप लावून तो फलटणला निघून गेला. लोक म्हणाले, दगड आहे.

दिवाळीच्या सुट्टीत तो सईला घेऊन माझ्या घरी आला. दुसरीतली चुणचुणीत मुलगी. आल्या आल्या मांजरीची सगळी चौकशी केली तिनं. मी पुस्तक उघडलं. तिसऱ्याच शब्दाला ती अडली, आणि पुस्तकातून वर बघत तिनं पोटावर हात ठेवला.

“लय दुखतंय,” ती म्हणाली.

मी पुस्तक मिटलं आणि तिला मांजरीकडे पाठवलं. सुहास उभाच होता.

“शाळेत सांगतात, लक्ष देत न्हाई,” तो म्हणाला. “पण मला ठावं हाय, मॅडम, ही लय लक्ष देती. मला उशीर तर न्हाई झाला न्हवं?”

“नाही,” मी म्हणाले. “तू वेळेत ओळखलंस.”

तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, आणि तेव्हा कुठे आईसाठी रडला.