बुटाचा नंबर

आयर्लंडमधल्या आमच्या केरी जिल्ह्यातून माझी लेक लिमरिक शहरात कॉलेजला गेली आणि पहिल्याच आठवड्यात तिने माझी झोप उडवली. तिथे सुरुवातीला एका मोठ्या हॉलमध्ये विद्यार्थ्यांच्या सोसायट्या आणि क्लब स्टॉल मांडतात. आवडेल तिथे नाव नोंदवायचं, मित्र मिळवायचे. मी तिला बजावलं होतं, सरळ भारतीयांच्या सोसायटीत जा. एवढ्यावर थांबेन तर मी कसला बाप! ओळखीच्या डॉक्टरांची मुलगी त्या सोसायटीच्या कमिटीत होती. तिला गुपचूप मेसेज करून मी हिचं नाव परस्पर घालूनही टाकलं, एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तसं.

बाईसाहेब गिर्यारोहण क्लबात गेल्या.

"इंडियन स्टॉलवर विचारलं, कुठल्या स्टेटची? मी म्हटलं, केरीची. सगळे हसले," ती फोनवर तिच्या आयरिश इंग्रजीत म्हणाली. "इकडे क्लबात फक्त बुटाचा नंबर विचारला, बाबा."

मला ते पटलं, भीतीला पटेना. त्या दिवसांत आमच्या मराठी ग्रुपवर इथल्या भारतीयांवरच्या हल्ल्यांचं रोज काहीतरी येत होतं. कुणाला बसस्टॉपवर मारलं, कुणाच्या बायकोला रस्त्यात शिव्या घातल्या. मी आमच्या ट्रली गावच्या हॉस्पिटलात भूल देतो. इतक्या वर्षांत माझ्याशी कुणी वाकडं वागलेलं नाही, तरी हल्ली ड्यूटी संपली की गाडीपर्यंत भराभर चालतो. आणि ही पोरगी सगळ्या गोऱ्या मुलांबरोबर डोंगरात, त्यांच्यात एकटी सावळी.

एका रविवारी त्यांचा क्लब आमच्या केरीतल्याच डोंगरावर आला. "तीनला खाली उतरू. आय'म ग्रँड, मी मजेत आहे, बाबा. येऊ नकोस," तिने बजावलं. साडेतीनला फोन केला, लागला नाही. चारलाही नाही. नको ते सगळं डोळ्यांसमोर येऊ लागलं. मी गाडी काढली.

पायथ्याशी पाऊस होता. रेनकोटची टोपी डोक्यावर ओढून मी त्यांच्या मिनिबसच्या ड्रायव्हरला विचारलं, "ह्यांच्यात एक भारतीय मुलगी आहे ना?" त्याने मला खालीवर न्याहाळलं आणि माहीत नाही म्हणाला. मग मी बसभोवती येरझाऱ्या घालत राहिलो.

पाऊण तासाने ती मंडळी उतरताना दिसली. ही मधोमध, खिदळत. मला राहवेना, मी तिच्याकडे धावत सुटलो.

"हाच तो! मघापासून त्या मुलीची चौकशी करतोय," मागून ड्रायव्हर ओरडला.

हसणं थांबलं. दोन मुलींनी हिला झटकन मागे ओढलं. एक उंच मुलगा पुढे येऊन माझी वाट अडवून उभा राहिला.

"तू ह्याला ओळखतेस का?" मागे न बघताच त्याने तिला विचारलं.

त्याच्या खांद्यावरून मला माझ्या मुलीचा चेहरा दिसला. तिने मला ओळखलं नव्हतं. ती घाबरली होती. ज्या भीतीने तिला कधी गाठू नये म्हणून मी एवढा जीव टाकत होतो, ती तिच्या डोळ्यांत होती, आणि ते डोळे माझ्याकडे बघत होते.

मी टोपी मागे सारली.

"बाबा?"

ती "हो" म्हणेपर्यंत तो मुलगा बाजूला झाला नाही.