मल्लिकार्जुनअप्पांचा डावा हात

वडवणीच्या बाजारात मल्लिकार्जुनअप्पांचं किराणा दुकान होतं. कागदाची पुडी बांधावी तर अप्पांनीच. पुढं चहापासून शाम्पूपर्यंत सगळंच कंपन्यांच्या पाकिटांत येऊन दारात लटकू लागलं, आणि त्याच सुमारास अप्पांचा डावा हात थरथरू लागला. पुड्या गेल्याचं अप्पांना काही नव्हतं. घोर होता तो पूजेचा. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय या माणसानं आठव्या वर्षापासून चहा-अन्नाला तोंड लावलं नव्हतं.

बीडच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्या दिल्या. म्हणाले, रोज अर्धा तास दम लागेस्तोवर सायकल मारा आणि लगेच हाताला सराव द्या, फरक पडेल असं वाटतं.

झालं! अप्पा दारात स्टँडवरची सायकल हाणू लागले. बंकट हमाल ओरडायचा, "आप्पा, तेलगाव आलं का?" अप्पा हसून घ्यायचे. मग आंघोळ करून पूजेला बसायचे; हाताचा सराव म्हणजे तीच. पण चार महिने झाले तरी हात होता तसाच. आणि श्रावणातल्या एका सोमवारी लिंग हातातून निसटून फरशीवर पडलं.

गावातल्या स्वामींनी विधी करून ते पुन्हा गळ्यात बांधलं आणि हात सुधारेपर्यंत ते गळ्यातच ठेवून पूजा करायची मुभा दिली. तरी अप्पा दोन दिवस जेवले नाहीत. बायको शिवम्मानं त्यांना ओढतच डॉक्टरांकडे नेलं.

"सायकलीनंतर लगेच सराव करता ना?"

"आंघोळ करून. आखडल्या अंगानं पाऊण तास जातोय."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, लगेच म्हणालो होतो!"

"घामेजल्या अंगानं लिंग कसं घ्यावं, साहेब?"

डॉक्टर म्हणाले, मग घामातच एखादा गोटा धरून बघा.

शिवम्मानं नदीतला गोटा आणला. दिवाळीपर्यंत एकशे आठ जप होईस्तोवर तो तळहातावर टिकू लागला. बिचारी हरखून गेली. "आता लिंग घ्या की हातावर."

"न्हाई," अप्पा म्हणाले. "गोटा पडला तर उचलता येतोय. त्ये पुन्हा पडलं तर मी कुणाला त्वांड दाखवू?"

ती आठवडाभर विनवत राहिली. हात सुधारला तशी स्वामींची मुभा संपली होती; तरी अप्पांनी गळ्यातलं लिंग सोडलंच नाही, आणि पूजेविना चहा-अन्नालाही शिवले नाहीत, नुसत्या पाण्यावर राहिले. शेवटी चक्कर येऊन पडले, तेव्हा भिंतीकडे तोंड करून त्यांनी पूजेविना पहिला चहा घेतला. डाव्या हातातली बशी जराही हिंदकळली नाही. ते बघून शिवम्माला रडू आवरेना.