चालती ओकारी

सावित्राबाईचं चुकलं एवढंच, की ती खरं बोलली. अहो, खरं बोललं की सख्ख्या आईलाही राग येतो, मग वाडीचं काय घेऊन बसलात!

खंडाळ्याच्या वरच्या अंगाला, रानात ही वाडी. विधवा सावित्राबाई साहेबांच्या बंगल्यांवर सरपणाची फाटी विकून पोट भरायची. त्या पावसाळ्यात वाडीत पटकी शिरली आणि तिच्या दिराची, बहिरूची, चिंगी ओकून ओकून गेली. एवढीशी पोर हो! बहिरूला सावित्राबाईनंच लहानाचं मोठं केलेलं, त्यामुळे तीही ऊर बडवून रडली.

पोरीला पुरून सगळे परतले, तर सावित्राबाईच्या दारातल्या फाट्यांवर पिवळाजर्द, ओलसर लगदा. शेजारची बयाबाई किंचाळली, "चिंगीची ओकारी! हिच्या दारात कशी आली?"

करणीचं नाव अजून कुणी काढलं नव्हतं. सावित्राबाईनं गप्प बसावं की नाही? पण कुजक्या ओंडक्यांवर हे पिवळं तिनं दर पावसाळ्यात पाहिलेलं. म्हणाली, "आगं, ओकारी न्हाई ती. कुजक्या लाकडावं येतं, बुरशीवानी. जित्तं आसतं. हळूहळू चालतं. सकाळी बगा, सरकलेलं आसंल."

घ्या! आपल्याच हातानं पायावर धोंडा.

सकाळी सगळी वाडी बघायला जमली. पिवळं फाट्यांवरून उतरून झोपडीच्या मेढीच्या खांबावर चढलं होतं.

"बोलली तसं चाललं! हिच्या हुकमात हाय ते," बयाबाई ओरडली.

बहिरू रडवेला होऊन जवळ आला. "वयनी, उगाच बोलले म्हन. ठावं न्हाई म्हन. मी घालतो समद्यांची समजूत."

"उगाच बोलले रं बाबा. मला काय बी ठावं न्हाई," ती मान खाली घालून म्हणाली. आपलं घर सुटू नये, एवढंच तिला हवं होतं. पण आता ऐकतंय कोण? तिची भांडी बाहेर फेकली आणि तिला वाटेला लावलं.

वाडीच्या कडेला ती पोचली, तोच मागून बहिरूची हाक आली. "वयनी, ते माज्या घरात आलं तर काय हुईल?" चिंगीमागं त्याला एक तान्हं पोर तेवढं उरलं होतं.

तिला गलबलून आलं. धीर द्यायला ती वळली. "वाळंल, राख हुईल, वाऱ्यावं उडून जाईल."

'भिऊ नगं' म्हणायचं तोंडातच राहिलं. ती त्या पिवळ्याचं सांगत होती. बहिरूनं ऐकलं ते आपल्या पोराचं. पहिला दगड त्यानंच मारला.