त्या वडिलांनी नाव दिलं नव्हतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, घरीसुद्धा नाही. तो रविवार आठवला की अजून मान खाली जाते.

सत्तरच्या दशकात मी पिंपरीकडे फौजदार होतो. एका कारखान्याच्या स्टोअरमधून यंत्रात बसवायच्या पितळी बुशच्या पेट्या चोरीला गेल्या होत्या. तपास पुढे सरकत नव्हता आणि वरून रोज विचारणा. अशात गेटसमोरच्या चहावाल्यानं खबर दिली, की चोर ख्रिस्ती मंडळीतला आहे आणि त्यानं तिथल्या वडिलांपाशी, म्हणजे मंडळीच्या कारभाऱ्यापाशी, कबुली दिली आहे.

हवालदार म्हणाला, "वडील म्हणजे त्यांचा पाटीलच, साहेब. दम दिला की नाव ओकेल." मलाही तसंच वाटलं.

बोलावणं धाडलं. आला तो लेथवर काम करणारा चाळिशीचा टर्नर, नगरकडचा, पहिली पाळी संपवून. मंडळीनं निवडून दिलेला वडील. पाळक महिन्यातून एकदा पुण्याहून येत. एरवी आजाऱ्याकडे जाणं, भांडणं मिटवणं, चुकलेल्याला समजावणं, सगळं याच्याकडे. दोन दिवस त्याला ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवलं, पण नाव सांगेना. शेवटी मी म्हणालो, तू वडील आहेस ना, मग हुकूम सोड आणि त्याला हजर कर.

"वडिलाचा हुकूम चालत न्हाई, साहेब. आधी एकट्यानं जाऊन समजवायचं. ऐकलं न्हाई तर दोघांना घेऊन जायचं, मग मंडळीपुढं. तो वळतोय. प्रभुभोजन म्हंजे उपासनेत आम्ही सगळे एका ताटातली भाकर घेतो, ते. मागच्या प्रभुभोजनाला भाकरीचं ताट त्यानं हात न लावता पुढं दिलं. ज्याच्या मनात सल असतो, तो घेत न्हाई. एवढा रविवार जाऊ द्या. मी स्वतः घेऊन येतो त्याला."

रविवार जाऊ देईन, असा मी शब्द दिला आणि त्याला सोडलं.

त्या रविवारी शाळेच्या खोलीत उपासना होती. मी साध्या कपड्यांत शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. तेच वडील ओळीओळीनं भाकरीचं ताट फिरवत होते. तिसऱ्या ओळीत, मांडीवर मुलगी घेतलेल्या एका माणसानं ते तसंच पुढे दिलं. बाहेर पडताना मी त्याचं मनगट धरलं.

"मी येतच होतो, साहेब," तो म्हणाला. "वडिलांबरोबर."

लोक जमले. एका म्हातारीनं मला विचारलं, "भाऊ, तुला याचं नाव कुणी सांगितलं?"

प्रार्थनेत बसून पाळत ठेवली, हे कबूल करायची लाज वाटली. मी म्हणालो, "तुमच्याच वडिलांनी."

वडील दारातच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते आत वळले.

मुद्देमाल मिळाला, मला शाबासकी मिळाली. काही महिन्यांनी ते कंपनीच्या बस थांब्यावर भेटले. वडीलपण सोडल्याचं कानावर आलं होतं. मी विचारलं, खोटं आहे म्हणून का नाही सांगितलंत?

"ताटाचं माझ्याच तोंडून गेलं होतं ना. लोक अजून दार उघडतात, पण मन उघडत न्हाईत. मग वडील कशाचा?"

ठाण्यात माणूस भीतीनं बोलतो, हे मला नोकरीनं शिकवलं. भरवशानंही बोलतो, हे त्या टर्नरनं. अधिकार माझ्याकडे सरकारनं दिलेला होता. त्यांच्याकडे होता तो लोकांनी दिलेला, आणि तो मी एका वाक्यात काढून घेतला.

ते आता फार थकलेत, पण अजून तिथंच, पिंपरीशेजारी चिंचवडला असतात. मंडळीही आहे. एका रविवारी तिथं उभं राहून "त्यांनी नाव दिलं नव्हतं, मी खोटं बोललो" एवढं सांगणं माझ्याकडे बाकी आहे.